ॲडलर यांचा प्रश्न धाकट्या भावाला विचारताना

वाचकाचे पत्र

‘मी अडतीस वर्षांची असून माध्यमिक शाळेत गणित शिकवते. माझा धाकटा भाऊ तेहतीस वर्षांचा आहे. डिप्लोमा झाल्यापासून त्याने चार नोकऱ्या धरल्या आणि चारही सोडल्या. प्रत्येक वेळी आठ-नऊ महिने सगळे सुरळीत चालते, साहेब खूश असतात, आणि कायम झाल्याचे पत्र हातात पडायच्या सुमारास हा राजीनामा देऊन घरी येतो. कारण विचारले की म्हणतो, “ताई, तुला काही जमत नाही हेच लहानपणापासून ऐकत आलो, आता कुठून जमणार?” आमचे वडील तापट होते. माझा वर्गात नेहमी पहिला नंबर यायचा आणि माझे प्रगतिपुस्तक पुढे ठेवून ते त्याला मारायचे, हे खरे आहे. पण त्याला आता पंचवीस वर्षे झाली. काही महिन्यांपूर्वी मी आल्फ्रेड ॲडलर या मानसोपचारतज्ज्ञांच्या विचारांवरचे व्हिडिओ पाहिले. भूतकाळातला आघात वगैरे काही नसते, माणूस आपल्या सोयीसाठी दुःखी राहतो, असे त्यांचे म्हणणे असल्याचे कळले. मला ते पटले आणि मी भावाला स्पष्ट ऐकवले, की तुला बाबांचे निमित्त हवे आहे, तू हे मुद्दाम करतोस. तो काहीच बोलला नाही. त्यानंतर तीन महिने तो माझा फोन घेत नाही. वडिलांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, त्यांचे सगळे तोच करतो, तेवढे बरे आहे. चूक कोणाची, ॲडलर यांची की माझी?’
– थोरली बहीण, सांगली

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तुम्ही तो प्रामाणिकपणे विचारला आहे. तुमच्यापर्यंत जो विचार पोहोचला तो ॲडलर यांचाच आहे, पण तो अर्धा पोहोचला. आणि तो अर्धा विचार तुम्ही ज्या तऱ्हेने वापरलात, त्या तऱ्हेने वापरायला त्यांनी स्वतः कधी संमती दिली नसती. हे मी तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही. ॲडलर यांचे आयुष्य आणि त्यांचे काम पाहिले, तर तुमच्या भावाशी पुन्हा बोलणे कसे सुरू करायचे याची वाटही त्यातच सापडते, म्हणून ते थोडे सविस्तर सांगते.

1931 साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात त्यांनी खरोखरच असे लिहिले आहे, की कोणताही अनुभव हा आपोआप यशाचे किंवा अपयशाचे कारण होत नाही; अनुभवाच्या धक्क्यापेक्षा, त्या अनुभवाला आपण जो अर्थ देतो त्याने आपली घडण होते. व्हिडिओ करणाऱ्यांनी हे वाक्य उचलले आणि तिथेच थांबले. त्याच प्रकरणात ॲडलर हेही सांगतात, की तीन प्रकारच्या बालपणांत मुलाने आयुष्याचा चुकीचा अर्थ लावण्याची शक्यता फार मोठी असते: शरीराने दुबळे किंवा आजारी असलेले मूल, अति लाडावलेले मूल, आणि ज्याला प्रेम मिळालेच नाही, ज्याची हेळसांड झाली असे मूल. बालपणाला काही किंमत नाही असे मानणाऱ्या माणसाने हे लिहिलेच नसते. मूल मार खाते तेव्हा त्या माराचा अर्थ लावायला त्याच्याजवळ आठ वर्षांचीच बुद्धी असते, आणि त्या बुद्धीने काढलेला निष्कर्ष पुढे तेहतिसाव्या वर्षीही न तपासता वापरात राहतो, हे त्यांच्या म्हणण्याचे मर्म आहे. निष्कर्ष त्या मुलाचा असतो हे खरे, पण ते प्रगतिपुस्तक त्याने स्वतःहून पुढे ठेवलेले नसते.

ॲडलर हे कोठून शिकले, ते पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म 7 फेब्रुवारी 1870 रोजी व्हिएन्नाच्या वेशीवरच्या रुडॉल्फ्सहाइम या वस्तीत झाला. वडील धान्याचे व्यापारी होते, सात भावंडांत आल्फ्रेड दुसरा. त्याला मुडदूस झाला होता आणि चार वर्षांचा होईपर्यंत त्याला धड चालता येत नव्हते. त्यांनी सांगितलेल्या अगदी पहिल्या आठवणींपैकी एक अशी आहे: आजारामुळे शरीराला पट्ट्या बांधलेला लहानगा आल्फ्रेड एका बाकावर बसला आहे, आणि समोर त्याचा धडधाकट थोरला भाऊ सिग्मंड सहज धावतो आहे, उड्या मारतो आहे. घरातले सगळे त्याला जपत होते, त्याच्यासाठी धडपडत होते, हेही ते सांगतात. पण मनात कोरले गेले ते त्या भावाचे धावणे. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरसुद्धा, आपला थोरला भाऊ कायम आपल्यापुढेच होता आणि अजूनही आहे, असे ते बोलून दाखवीत. ताई, तुमच्या पत्रात तुम्ही थोरल्या आहात आणि पहिला नंबर तुमचा आहे. ॲडलर यांचे विचार हातात घेऊन तुम्ही भावाकडे गेलात तेव्हा त्या बाकावर कोण बसले होते आणि समोर कोण धावत होते, एवढे एकदा डोळ्यांपुढे आणा.

त्याच सुमाराला त्यांचा धाकटा भाऊ रुडॉल्फ आजाराने शेजारच्या अंथरुणात दगावला. थोड्याच काळाने आल्फ्रेडलाही न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी वडिलांना सांगितले, की आता मुलाची आशा नाही. ते बोलणे मुलाने ऐकले आणि आपण डॉक्टर व्हायचे असे तिथे ठरवले. पुढे ते शाळेत गणितात इतके कच्चे निघाले, की याला शाळेतून काढून चपला-बूट शिवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवा, असा सल्ला शिक्षकांनी वडिलांना दिला. तुम्ही गणित शिकवता, म्हणून हा प्रसंग मुद्दाम लिहिते आहे. वडिलांनी तो सल्ला मानला नाही, मुलाला शाळेत ठेवले. एके दिवशी फळ्यावरचे एक उदाहरण खुद्द शिक्षकांनाही सुटेना, तेव्हा या मुलाने उठून ते सोडवले, आणि तिथून त्याचे गणिताशी नाते बदलले. ‘मला जमत नाही’ हे वाक्य मुलाच्या डोक्यात कोण घालते आणि ते बाहेर कसे पडते, हे ॲडलर यांनी पुस्तकात वाचण्याआधी वर्गात बसून पाहिले होते.

त्यांच्या विचारांतला सर्वांत नाजूक भाग मात्र आणखी एका आठवणीत आहे. शाळेच्या वाटेवर एक दफनभूमी लागायची, इतर मुले बिनधास्त पार व्हायची आणि आपल्याला मात्र भीती वाटायची. म्हणून एके दिवशी दप्तर बाजूला ठेवून आपण ती दफनभूमी अनेक वेळा धावत इकडून तिकडे ओलांडली, तेव्हा भीती गेली, अशी त्यांची पक्की आठवण होती. मोठेपणी शाळेतला एक जुना सोबती भेटला तेव्हा बोलता बोलता त्या दफनभूमीचा विषय निघाला. तो चकित झाला. त्या वाटेवर दफनभूमी कधी नव्हतीच. ॲडलर यांनी इतरांकडे चौकशी केली, सगळ्यांनी तेच सांगितले. लहान वयात त्यांना धीराची गरज होती, आणि मनाने त्या गरजेसाठी एक आख्खी दफनभूमी उभी केली होती.

या गोष्टीवरून एखादा म्हणेल, की पाहा, आठवणी खोट्या असतात. ॲडलर यांनी असा निष्कर्ष काढला नाही. रुग्णाला ते त्याची सर्वांत जुनी आठवण आवर्जून विचारीत, आणि ती घडली तशीच आहे की नाही यापेक्षा, आजचा हा माणूस नेमकी हीच आठवण उराशी का बाळगून आहे, याकडे त्यांचे लक्ष असे. तुमचा भाऊ म्हणतो, ‘तुला काही जमत नाही हेच ऐकत आलो.’ ते खोटे आहे असे तुम्ही स्वतःही म्हणत नाही. प्रश्न एवढाच आहे, की ते वाक्य आज त्याच्या कोणत्या उपयोगी पडते.

उपयोग म्हटले, की तुम्ही वापरलेला ‘मुद्दाम’ हा शब्द पुढे येतो, आणि माझ्या मते सगळा घोटाळा याच एका शब्दात आहे. माणसाच्या वागण्याला मागचे कारण असते तसा पुढचा हेतूही असतो, हे ॲडलर यांचे म्हणणे. परंतु हा हेतू त्या माणसाला स्वतःला उमगलेला नसतो. मराठीत ‘मुद्दाम’ आणि ‘नकळत’ यांत जेवढे अंतर आहे, तेवढे अंतर तुमच्या वाक्यात आणि त्यांच्या सिद्धान्तात आहे. तुमच्या भावाला न भेटता मी निदान करणार नाही, पण पत्रातल्या एका तपशिलावर ॲडलर नक्की बोट ठेवतील: तो कामाला कंटाळून नोकरी सोडत नाही, कायम होण्याच्या उंबरठ्यावर सोडतो. उंबरठा ओलांडला की त्याच्या कामाची खरी पारख सुरू होणार, आणि लहानपणापासून पारख म्हणजे त्याच्यासाठी टेबलावरचे तुमचे प्रगतिपुस्तक आणि वडिलांचा हात. राजीनामा दिला की पारख होतच नाही आणि ‘मनात आणले असते तर जमले असते’ एवढी अब्रू शिल्लक राहते. न्यूनगंड हा शब्द आपण रोजच्या बोलण्यात सहज टाकतो. त्यामागची कल्पना लोकांपर्यंत नेली ती प्रामुख्याने ॲडलर यांनी, आणि ती आळसाला दिलेले भारदस्त नाव म्हणून मुळीच नव्हे. कमीपणाची भावना प्रत्येकाला असते, ती माणसाला पुढे रेटते, असे ते मानत. तिचे ओझे धीरापेक्षा जड झाले, की माणूस परीक्षेच्या दारातूनच परत फिरू लागतो.

हे सर्व तुम्हाला कळले म्हणून त्याला ऐकवायचे का? इथे ॲडलर काम कसे करीत, ते पाहायला हवे. 1895 साली वैद्यकीची पदवी घेतल्यावर त्यांनी सुरुवातीला डोळ्यांचे डॉक्टर म्हणून आणि नंतर सामान्य डॉक्टर म्हणून काम केले. त्यांचा दवाखाना प्राटर या जत्रेच्या मैदानाजवळ होता आणि तिथले कसरतपटू त्यांच्याकडे उपचाराला येत. 1898 साली त्यांनी शिंपीकाम करणाऱ्यांच्या आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले, आणि त्यांच्या आजारांचा संबंध कोंदट जागा, लांबलेले कामाचे तास आणि गरिबी यांच्याशी जोडला. माणूस आजारी का पडतो याचे उत्तर केवळ त्या माणसात शोधायचे नसते, ही त्यांची भूमिका अशी पहिल्यापासून होती. 1902 पासून ते मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्या बुधवारच्या बैठकीत बसत. 1911 मध्ये मतभेद होऊन बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची वेगळी विचारधारा उभी केली. त्या वादाचा तपशील तुमच्या प्रश्नाला लागत नाही, म्हणून सोडून देते.

पहिल्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर होते आणि कोणता सैनिक आघाडीवर परत धाडण्याजोगा आहे, हे ठरवणे त्यांच्याकडे होते. एक तरुण म्हाताऱ्या, गरीब आईवडिलांना पोसायचे आहे म्हणून सुटकेसाठी गयावया करीत होता. पूर्ण सुटका देण्यासारखा आजार नव्हता, म्हणून ॲडलर यांनी त्याला आघाडीऐवजी पहाऱ्याचे काम मिळेल एवढी शिफारस केली. त्या रात्री त्यांना स्वप्न पडले, की आपण खुनी आहोत, अंधाऱ्या अरुंद गल्ल्यांतून धावत आहोत आणि आपण मारले कोणाला ते काही केल्या आठवत नाही. दुसऱ्याच्या दुखण्याला ‘निमित्त’ ठरवण्याचा अधिकार हातात आला, की काय होते हे ज्याने असे भोगले, त्या माणसाचे नाव घेऊन आज लोक एकमेकांना ‘तू सोंग करतोस’ म्हणतात, याचे मला फार वाईट वाटते.

युद्धानंतर समाजभावना, म्हणजे आपण इतरांचे आहोत आणि इतरांच्या उपयोगी पडतो ही जाणीव, त्यांच्या विचारांच्या केंद्रस्थानी आली. त्याच काळात व्हिएन्नामध्ये शिक्षणाच्या सुधारणा चालू होत्या. ॲडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांतून मुलांसाठी मोफत मार्गदर्शन केंद्रे सुरू केली. 1920 च्या दशकाच्या अखेरीस शहरात अशी सुमारे तीस केंद्रे होती. शिक्षक मुलाची हकिकत वाचून दाखवीत, ॲडलर त्यावर विचार मांडीत, मग पालकांशी आणि शेवटी मुलाशी बोलत. मुलाला तिथे आरोपी म्हणून उभे केले जात नसे. शिक्षेने धीर आणखी खचतो आणि धीर खचलेले मूलच त्रास देते, ही त्यांची धारणा होती. म्हणून मुलाला पेलेल असे एखादे काम शोधायचे आणि तिथून त्याचा हुरूप वाढवायचा, असा तिथला परिपाठ असे. 1934 साली राजवट बदलल्यावर ती केंद्रे बंद पडली. ॲडलर अमेरिकेत स्थायिक झाले आणि 28 मे 1937 रोजी व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन येथे रस्त्यातच हृदयविकाराने गेले. थोरली मुलगी व्हॅलेंटिन मॉस्कोत बेपत्ता झाली होती, आणि तिच्या काळजीने ते शेवटचे महिने व्याकूळ होते.

रुग्णाला ते एक साधा प्रश्न विचारीत: हा त्रास उद्या नाहीसा झाला, तर तुम्ही काय कराल? जे उत्तर येई, त्यात बहुधा माणूस ज्याला टाळतो आहे ते दडलेले असे. पण हा प्रश्न विचारणाऱ्याची जागा ठरलेली होती. तो शेजारी बसून, उत्तराची घाई न करता विचारायचा. त्यांचे एक सहकारी रुडॉल्फ ड्रायकर्स तर मुलाला त्याचा हेतू सांगतानाही ‘असे तर नसेल ना?’ अशा शब्दांत विचारीत, म्हणजे नाही म्हणायची मोकळीक मुलाजवळ राहायची. समुपदेशनाच्या कामाच्या पहिल्या वर्षी मी स्वतः एका तरुणाला त्याचा हेतू ठामपणे सांगितला होता. तो पुढच्या भेटीला आला नाही. माझे म्हणणे बरोबर होते की चूक, हे मला आजही सांगता येत नाही, आणि त्या तरुणाला त्याचा काहीच उपयोग झाला नाही.

दोन गोष्टी सावधगिरीच्या. ॲडलर यांचे सगळे आजही जसेच्या तसे टिकले आहे असे नाही. भावंडांतला क्रम स्वभाव घडवतो, हे त्यांचे गाजलेले मत घ्या. 2015 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी येथील वीस हजारांहून अधिक लोकांच्या माहितीचा अभ्यास झाला, त्यात जन्मक्रमाचा स्वभावावर जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. तेव्हा ‘शेंडेफळ म्हणून असा’ हे वाक्य घरात कोणी म्हणत असेल तर ते सोडून द्या. दुसरे, आघाताचे मनावर आणि शरीरावर टिकणारे परिणाम होतात, हे वैद्यकशास्त्राने त्यांच्या नंतरच्या काळात अधिक नेमकेपणाने ओळखले. 1980 पासून आघातानंतरच्या अशा आजाराची अधिकृत वर्गवारीत स्वतंत्र नोंद आहे आणि त्यावर उपचारही आहेत. भावाची झोप उडाली असेल, भूक गेली असेल, जगण्यात अर्थ नाही असे तो बोलत असेल, तर पत्रांची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांची गाठ घ्या. टेली-मानस या शासनाच्या मोफत सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आता तुमच्याकडे येते, आणि ‘असे तर नसेल ना?’ याच शब्दांत विचारते. तुमच्या नंबरावरून भावाने मार खाल्ला, याचे ओझे तुमच्याही मनावर असेल. त्यात तुमचा काही दोष नव्हता, तुम्हीही लहान होतात. पण भूतकाळ मोजायचाच नाही असे सांगणारा कोणी भेटल्यावर तुम्हाला जो दिलासा वाटला, त्यात ते ओझे उतरवण्याची ओढही असेल का? उत्तर मला कळवायची गरज नाही.

फोनवर स्पष्टीकरण पाठवू नका, ॲडलर यांचे नाव तर काढूच नका. ‘बाबा माझे प्रगतिपुस्तक दाखवून तुला मारायचे, ते मी पाहिले आहे आणि ते चूक होते. मी तुला निमित्त करतोस म्हणाले, तेही चूक होते,’ एवढी दोन वाक्ये समोर बसून बोला. नोकरीचा विषय त्या दिवशी काढू नका. तो गप्प राहिला तर राहू द्या.

आणि तुमच्या पत्रातले ‘तेवढे बरे आहे’ हे शब्द पुन्हा वाचा. नोकऱ्यांबद्दल तुम्ही ओळीमागून ओळ लिहिली आहे. ज्या वडिलांनी मारले त्यांना दोन वर्षे न्हाऊ-माखू घालणाऱ्या मुलाबद्दल एक अर्धे वाक्य. काम, माणसांशी नाते आणि प्रेम ही आयुष्यापुढची तीन कामे आहेत, असे ॲडलर म्हणत. माणूस तोंडाने काय बोलतो त्यापेक्षा त्याचे पाय कुठे जातात ते पाहावे, असेही त्यांचे सांगणे असे. तुमच्या भावाचे पाय रोज सकाळी वडिलांच्या खाटेकडे जातात. तिथे कोणी त्याला कायम झाल्याचे पत्र देत नाही, नंबर लावत नाही, आणि तिथून त्याने एकदाही राजीनामा दिलेला नाही.

म्हणून शक्य झाल्यास रविवारी सकाळी, वडिलांच्या अंघोळीच्या वेळेला माहेरी जा. त्या दिवशीचे काम तुम्ही करा, पण कसे करायचे ते त्याला विचारून. कुशीवर वळवताना हात कुठे द्यायचा, खाटेवरून खुर्चीत घेताना पाय कसे रोवायचे, घास किती लहान करायचा, हे विचारा. पक्षाघात झालेल्या माणसाला सदरा घालताना बाही आधी दुबळ्या हातात घालतात आणि काढताना आधी चांगल्या हातातून काढतात. तुम्हाला ते कदाचित ठाऊक नसेल. त्याला ठाऊक असणार. त्याला दाखवू द्या.